नववीच्या वर्गातला खटला

भिंतीवर टांगायचा मोठा गुंडाळीचा नकाशा काखेत धरून बाई जिना चढायच्या तेव्हा वळणावर आधी नकाशाचं टोक दिसायचं आणि मग बाई. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव नकाशाबाई ठेवलं. मुलांचं ऐकून शिक्षक तसं म्हणू लागले, शिक्षकांचं ऐकून पालक. एकदा तर संस्थेच्या वार्षिक अहवालात तेच नाव छापायला गेलं होतं. हेडक्लार्कच्या ते वेळीच लक्षात आलं म्हणून लाज राहिली.

सामाजिक शास्त्रं हा विषय बाईंनी काही हौसेनं घेतलेला नव्हता. त्यांना आवडायचं गणित. पण लग्नानंतर नोकरी शोधत या शाळेच्या पायऱ्या चढल्या तेव्हा गणिताची जागा भरलेली होती आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र एवढं सगळं मिळून एकाच माणसाच्या गळ्यात घालायचं होतं. बाईंनी गळा पुढे केला. पुढे पुढे त्या विषयात अशा रमल्या की घरी नवऱ्याला भाजी आणायला सांगतानाही बाजाराची उत्तर बाजू आणि दक्षिण बाजू सांगायच्या. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणायचा, "अगं, तुझा विषय म्हणजे ग्रुप फोटोतला मागच्या रांगेतला नातेवाईक. असतो सगळ्यांच्या घरी, पण नाव कोणाला आठवत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत बाईंच्या टेबलाशी येऊन घुटमळायचे.

"बाई, आजचा तुमचा तास देता का? पोर्शन राहिलाय."

"माझाही राहिलाय."

"तुमच्या राजांना काय घाई आहे? मेलेले आहेत ते. थांबतील."

सगळे हसायचे, बाईही हसायच्या, आणि तास जायचा. त्याचं त्यांना फार वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. मुलं पेपरात 'नागरिकांची कर्तव्ये' घडाघडा लिहायची आणि पेपर देऊन बाहेर पडली की पाण्याच्या नळाशी एकमेकांना ढकलायची. हा विषय वहीतून उठून माणसाच्या अंगात कधी शिरणार, हा प्रश्न बाईंना आयुष्यभर पुरला.

त्यासाठीच त्यांनी नववीच्या वर्गासाठी खटला सुरू केला होता. दर वर्षी दुसऱ्या सत्रात नागरिकशास्त्राचा न्यायव्यवस्थेचा धडा आला की बाई एक खटला रचायच्या. कधी सायकलची चोरी, कधी शेजाऱ्याच्या अंगणात वाकलेलं झाड, कधी हॉटेलवाल्यानं न दिलेला पगार. त्याची हकीकत त्या वर्गाला वाचून दाखवायच्या. मग एका जुन्या बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठ्या निघायच्या. एकाला आरोपी व्हायचं, एकाला सरकारी वकील, एकाला आरोपीचा वकील, दोघातिघांना साक्षीदार. उरलेला सगळा वर्ग पंच. दोन्ही बाजू ऐकून हात वर करून निकाल द्यायचा. चिठ्ठीत जे येईल ते मुकाट्यानं करायचं, अदलाबदल नाही, हा बाईंचा पक्का नियम होता. "न्यायाधीश आपल्या पसंतीची माणसं निवडत बसला तर तो न्यायाधीश कसला?" असं त्या म्हणायच्या. खटल्याच्या दिवशी सभागृहात मुख्याध्यापक यायचे, संस्थेचे सचिव सवड असेल तर यायचे, आणि शेवटी कोणीतरी 'फार छान उपक्रम' म्हणून निघून जायचं.

त्या वर्षी शाळेत खराच अपघात झाला.

शाळेच्या मागच्या इमारतीत शेवटच्या मजल्यावरून गच्चीवर जाणारा एक अरुंद जिना होता. वर पाण्याच्या टाक्या. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. सकाळी टाक्या बघायला ते उघडायचं आणि मधल्या सुट्टीच्या आधी पुन्हा लावायचं, हे काम शिपायाचं होतं. हा शिपाई तासांचे टोल द्यायचा म्हणून त्याला सगळे टोलकाका म्हणत. तर एका दुपारी मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा वर अडकलेला चेंडू काढायला गेला आणि गच्चीच्या कठड्यावरून सायकली ठेवायच्या शेडच्या पत्र्यावर पडला. जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं ते गेलं. लोक धावत वर गेले तेव्हा जाळीचं दार उघडं होतं आणि कुलूप कडीत नुसतं लटकत होतं.

टोलकाका म्हणाले, "मी लावलं होतं."

त्यांच्याकडे एक किल्ली होती, दुसरी ऑफिसात खिळ्याला असायची. आदल्या दिवशी टाकीचा नळ दुरुस्त करायला माणसं आली होती. ती किल्ली कोणी घेतली, कोणी परत लावली, हे हेडक्लार्कला सांगता येईना. मुलाचे आईवडील रोज फाटकाशी येऊन बसत. आई आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि माणसं मान खाली घालून आत जायची. कोणाचा तरी दोष निघायलाच हवा होता. संस्थेनं चौकशी समिती नेमली. कर्मचारी संघटनेच्या माणसानं टोलकाकांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, कुणी काहीही विचारू दे, तुम्ही एकच वाक्य धरून ठेवा. मी लावलं होतं. किल्ल्या दोन आहेत, साक्षीदार कोणी नाही. तुमच्या केसाला धक्का लागत नाही."

टोलकाकांची निवृत्ती अजून लांब होती. घरी बायको, आणि मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाई शाळेत नव्या आल्या होत्या तेव्हा पहिल्या दिवशी चुकीच्या वर्गात शिरल्या होत्या. त्यांना तिथून हळूच बाहेर बोलावून योग्य वर्गाच्या दारापर्यंत पोचवणारे टोलकाका. "तिकडची पोरं दहावीची आहेत, बाई. खाऊन टाकतील," असं तेव्हा ते म्हणाले होते. तेव्हापासूनची ओळख.

चौकशीची तारीख लागली तेव्हा न्यायव्यवस्थेचा धडा जवळच आला होता. बाईंच्या मनात एक गोष्ट आली आणि मग काही केल्या जाईना. या वर्षीचा खटला एका गिरणीतल्या पहारेकऱ्याचा असेल. फाटक उघडं राहिलं, एक कामगार आत जाऊन जखमी झाला, पहारेकरी म्हणतो मी कुलूप लावलं होतं, आणि दुसरी किल्ली आणखी एकाकडे. नावं वेगळी, जागा वेगळी. पण पुराव्याशिवाय माणसाला दोषी ठरवता येत नाही, हे मुलं भर सभागृहात, मुख्याध्यापकांसमोर आणि सचिवांसमोर बोलतील. चौकशीच्या आधी. जे शिक्षकांच्या खोलीत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं ते नववीची मुलं बोलतील.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो रेडिओचं झाकण उघडून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"खेळात खरी माणसं घालू नये," तो म्हणाला.

"खेळ नाही तो. अभ्यास आहे."

"मग तर मुळीच घालू नये."

"अहो, टोलकाकांचं भलंच होईल त्यात."

"तू ठरवलंयस ना? मग मला कशाला विचारतेस, स्क्रूड्रायव्हर दे."

डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या आणि नेमक्या नको त्या हातांत गेल्या. सरकारी वकिलाची चिठ्ठी सुईच्या हातात गेली. ही वर्गातली अंगानं सगळ्यात किरकोळ आणि बोलण्यात सगळ्यात टोकदार मुलगी, म्हणून सुई. प्रश्न विचारायला उभी राहिली की नवे शिक्षक खडू शोधायला लागत. आरोपीचा वकील झाला घुम्या, ज्याचा आवाज कित्येक शिक्षकांनी फक्त हजेरीला ऐकला होता. आणि आरोपी, म्हणजे पहारेकरी, झाला भोपू. भोपू शाळेतल्या प्रत्येक माणसाची नक्कल करायचा. मुख्याध्यापकांची चाल तर तो अशी करायचा की मागून चाललेल्या मुख्याध्यापकांनाही हसू यावं.

"बाई, बदलून घ्या ना," घुम्याच्या शेजारच्यानं घुम्याच्या वतीनं सांगितलं. "हा काय बोलणार?"

एक क्षण बाईंचा हात डब्याकडे गेलाही. सगळ्या चिठ्ठ्या परत टाकून हलवायला कितीसा वेळ लागणार होता? पण इतकी वर्षं ज्याला ज्याला नाही म्हटलं होतं ते सगळे जणू समोर येऊन उभे राहिले.

"चिठ्ठी ती चिठ्ठी," त्या म्हणाल्या.

भोपूला मात्र त्यांनी वेगळं बोलावून घेतलं. "नक्कल करायची नाही. हसवायचं नाही. समजलं?"

"हो बाई."

"काय समजलं?"

"पहारेकरी खरा आहे असं समजून करायचं."

नंतरचे काही दिवस बाईंनी वर्गाला नेहमीप्रमाणे तयार केलं. साक्षीदाराला काय विचारायचं आणि काय नाही, हे शिकवलं. "माणूस सांगतो त्यातलं त्याला माहीत किती आणि वाटतं किती, हे वेगळं करायला शिका," हे त्या दर वर्षी सांगायच्या, या वर्षीही सांगितलं. सुई पहिल्या बाकावर बसून ऐकत होती.

खटल्याच्या दिवशी टोलकाकांनी सभागृहात खुर्च्या मांडल्या. नेहमीप्रमाणे पहिली रांग कापडानं पुसून घेतली आणि ते जायला निघाले.

"काका, आज थांबा," बाई म्हणाल्या. "ऐका जरा."

"टोल द्यायचाय, बाई."

"दारात उभे राहा. तिथून घड्याळ दिसतंय."

ते दारात उभे राहिले, एक हात चौकटीवर ठेवून.

बाईंनी ज्याची भीती धरली होती ते झालं नाही. भोपूनं कोणालाच हसवलं नाही. तो खुर्चीवर ताठ बसला, हात मांडीवर, आणि विचारलं तेवढंच हळू आवाजात सांगत गेला. इतका वात्रट मुलगा इतका शांत बसलेला बघून मागच्या रांगा चुळबुळायच्या थांबल्या. साक्षीदार झाले. फाटक उघडं दिसलं, पण कोणी उघडलं ते पाहिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. सगळं बाईंच्या मनासारखं चाललं होतं. मग सुई उठली.

"फाटकाला कुलूप तुम्ही रोज लावता?"

"रोज."

"किती वर्षं?"

"नोकरीला लागल्यापासून."

"म्हणजे हात आपोआप जात असेल. वेगळं लक्ष द्यावं लागत नसेल."

"नाही लागत."

सुईनं कागद टेबलावर ठेवला. "मग मला एवढंच सांगा. त्या दिवशी कुलूप लावल्याचं तुम्हाला आठवतंय? की रोज लावता, म्हणून त्या दिवशीही लावलं असणार, असं तुम्ही म्हणताय?"

भोपूनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी लिहून दिलेल्या हकीकतीत याचं उत्तर नव्हतं. त्याला पहारेकरी खरा आहे असं समजून करायचं होतं, आणि तो करत होता.

"त्या दिवशीचं वेगळं असं," तो शेवटी म्हणाला, "काही आठवत नाही. लावलंच असेल."

"असेल," सुई म्हणाली आणि बसली.

घुम्या उठला. त्यानं हातातला कागद घडी करून खिशात घातला. "आठवत नाही म्हणजे लावलं नाही असं होत नाही," तो म्हणाला. "किल्ली आणखी एका माणसाकडे होती. त्याला कोणी विचारलेलं नाही. शंका आहे, तर शिक्षा देऊ नका." एवढं बोलून तो खाली बसला. बहुधा शाळेतल्या सगळ्या वर्षांत मिळून तो इतकं बोलला नसेल.

पंचांनी हात वर केले. आरोपी निर्दोष. विरुद्ध बाजूचे हात तुरळकच होते. मुख्याध्यापक टाळ्या वाजवायला उभे राहिले, त्यांना बघून सचिवही उभे राहिले. "बाई, मुलं तयार केलीत," मुख्याध्यापक म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपला विषय कोणाच्या तरी कामाला आलाय असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. चौकटीत कोणी नव्हतं.

त्या दिवशी तास संपल्याचा टोल उशिरा झाला. शाळेत असं कधी झालं नव्हतं.

शाळा सुटल्यावर बाईंनी त्यांना जिन्याखाली गाठलं. टोलकाका तिथे झाडू, बादल्या ठेवायच्या जागेत स्टुलावर बसले होते.

"ऐकलंत ना काका? निर्दोष म्हणाली मुलं."

"चांगली आहेत पोरं."

"चौकशीला आता घाबरायचं नाही. सचिव समोर होते. त्यांनीही ऐकलंय."

टोलकाकांनी मान हलवली. मग पायापुढची बादली बाजूला सरकवली.

"बाई, त्या पोरीनं विचारलं ते मला कोणीच विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, लावलं का. मी म्हटलं, लावलं. संघटनावाले म्हणाले, लावलं म्हणा. मी म्हटलं, लावलं. बायकोनं विचारलं, तिलाही तेच. मी मघापासून आठवतोय. कालचं कुलूप आठवतं. परवाचंही आठवल्यासारखं वाटतं. त्या दिवशीचं हातात येत नाही."

"अहो, कोणालाच आठवणार नाही. रोजच्या कामाचं असंच असतं."

"हो."

"घुम्या काय म्हणाला ते ऐकलंत ना? आठवत नाही म्हणजे लावलं नाही असं नाही."

"त्याचं बरोबर आहे," टोलकाका म्हणाले. "पण मग लावलं असंही नाही ना, बाई."

चौकशीला शिक्षकांच्या वतीनं बाईच बसल्या होत्या. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. संघटनेचा माणूस टोलकाकांच्या शेजारी. मुलाचे वडील भिंतीलगतच्या खुर्चीवर. सचिवांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुलूप लावलं होतं का?" खरं तर त्यांनाही प्रकरण मिटवायचं होतं. वाक्य तयार होतं, कोणी त्यावर दुसरा प्रश्न विचारणार नव्हतं.

टोलकाकांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं.

"आठवत नाही, साहेब," ते म्हणाले.

संघटनेच्या माणसानं त्यांचा दंड दाबला. "काका, नीट ऐका प्रश्न."

"ऐकलाय. मी रोज लावतो. त्या दिवशीचं मला आठवत नाही. लावलं म्हणालो होतो ते सवयीनं म्हणालो."

बाईंनी घुम्याचं म्हणणं मांडून पाहिलं. दुसरी किल्ली, नळवाले, शंका. सचिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तो वर्ग होता," ते म्हणाले. "इथे एका घराचं पोर जागेवर पडून आहे. आणि ज्याचं काम होतं तोच म्हणतोय, माहीत नाही."

टोलकाकांना कामावरून काढलं. भिंतीजवळचे वडील उठले, कोणाकडेही न बघता निघून गेले. दोष मिळाला होता, पण तो घेऊन जावा असं काही त्यांच्या चालण्यात दिसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सुई शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काय गं?"

"बाई, मी चुकीचं विचारलं का?"

गणिताचे सर वही तपासता तपासता थांबले. बाईंना मुलीला जवळ घेऊन सांगता आलं असतं, हो, जरा जास्तच बोललीस. मुलीचं ओझं थोडं वेगळं झालं असतं, बाईंवरच्या रागाचं झालं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "प्रश्न बरोबर होता. असाच विचारायचा असतो."

"मग काका का गेले?"

"जा वर्गात."

सुई गेली. त्यानंतर ती वर्गात प्रश्न विचारायला फारशी उठली नाही, आणि नवे शिक्षक तिला शहाणी मुलगी म्हणू लागले.

बाईंना टोलकाकांच्या घरी जायला धीर होत नव्हता. जायला हवं, जायला हवं, करत उन्हाळा लागला. गेल्या तेव्हा दुपार होती. दोन खोल्यांचं घर, दारात चपला नीट लावलेल्या. टोलकाका खिडकीजवळ बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी ओळखलं, हसले, पण उठले नाहीत. बायको पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"नोकरीचं काय, मिळेल एखादी," ती म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मी दोन घरची कामं धरलीत. मुलीचं कॉलेज सुटू दिलेलं नाही. पण यांना बघा. जेवायला बसले की घास हातात धरून बसतात. विचारलं काय, तर म्हणे आठवतोय. अहो, किती आठवायचं? कुलूप म्हणजे काय पोर आहे?"

"तू थांब," टोलकाका म्हणाले. मग बाईंकडे वळले. "रोज सकाळपासून सुरू करतो, बाई. उठलो, पाणी भरलं, फाटक उघडलं. पहिला टोल. सगळं ओळीनं येतं. मधल्या सुट्टीच्या आधी जिना चढतो. जाळीपाशी येतो. तिथे कधी कडी वाजते, कधी वाजत नाही. ज्या दिवशी वाजते त्या दिवशी वाटतं, मीच मनानं वाजवली. आणि नाही वाजली की ते पोर दिसतं पत्र्यावर."

बायकोनं पदर तोंडाला लावला. बाहेर कोणी तरी भांडं आपटलं.

बाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. पण जे पाहिलं नाही ते पाहिलं असं त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. तो त्यांचा धंदाच नव्हे, धर्म होता. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"लावलं होतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं होतं."

टोलकाका खिडकीपासून पुढे सरकले.

"नकाशा ठेवायला मी वर आले होते. तुमची पाठ होती माझ्याकडे. तुम्ही कुलूप लावलंत आणि ओढून पाहिलंत. मग जिन्यावरून खाली गेलात."

"खरंच?"

"खरंच."

त्या माणसाचा चेहरा सैल पडला. पाठीवरचं पोतं कोणी उतरवून घेतल्यासारखे खांदे खाली आले, डोळे मिटले, आणि तोंडातून श्वास असा गेला की बायको घाबरून एक पाऊल पुढे आली. बाईंना वाटलं, झालं, यासाठीच आपण आलो होतो.

मग बायको बोलली.

"पाहिलं होतंत? मग चौकशीत तोंडाला काय शिवण घातली होती?"

हा प्रश्न येणार हे बाईंना आधी सुचायला हवं होतं. मुलांना त्या हेच तर शिकवायच्या. दोन उत्तरं होती. एक खरं, आणि ते दिलं असतं तर टोलकाका परत खिडकीपाशी गेले असते.

"भीती वाटली," बाई म्हणाल्या. "निवृत्ती जवळ आली होती. संस्थेच्या विरुद्ध साक्ष कशाला द्या, असं वाटलं."

टोलकाकांनी डोळे उघडले.

"मी तुमच्या समोर बसलो होतो, बाई."

"हो."

"मी म्हणालो, आठवत नाही. तुम्ही नळवाल्यांचं बोललात, आणि पाहिलेलं सांगायचं तेव्हा गप्प."

"हो."

ते उठून उभे राहिले. त्यांना रागावलेलं बाईंनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, फक्त त्यातून 'बाई' हा शब्द गेला.

"निघा तुम्ही."

"अहो, अशा कशा निघतील?" बायको आडवी आली. "आधी शाळेत जाऊन हे सांगायचं. उद्याच्या उद्या. लिहून द्यायचं."

"सांगते," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेच सगळं सांगितलं. नकाशा, जिना, ओढून पाहिलेलं कुलूप. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, मधल्या सुट्टीच्या आधी तुम्ही पुढच्या इमारतीत होतात. दहावीच्या तासाला. मी पाहुण्यांना घेऊन स्वतः तुमच्या वर्गात आलो होतो. घंटा होईपर्यंत आम्ही मागे बसलो होतो."

बाईंना हे आठवत होतं.

"या वयात कशाला खोटं बोलता? तेही इतकं कच्चं?" ते रागानं बोलत नव्हते. "तो निकाल आता फिरत नाही. हे मी ऐकलंच नाही असं समजा."

"एक विनंती आहे," बाई म्हणाल्या. "मी त्या वर्गात होते, हे टोलकाकांना कळू देऊ नका."

"त्यांना का नाही कळू द्यायचं?"

बाईंनी नुसतेच हात जोडले. मुख्याध्यापकांनी मान हलवली आणि फाइल उघडली.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला हारतुरे झाले, भाषणं झाली, गणिताच्या सरांनी चोरलेल्या तासांची जाहीर माफी मागून सगळ्यांना हसवलं. शिपाई मंडळींपैकी कोणी आलं नाही. गोष्ट त्यांच्यात पोचली होती, नकाशाबाईंनी पाहिलं होतं आणि त्या गप्प बसल्या. वस्तीत, बाजारात ती तशीच फिरत राहिली. नवऱ्यानं एकदा विचारलं, "लोक म्हणतात ते काय आहे?" बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं विनोद केला नाही. "मग आता जन्मभर असंच?" एवढंच त्यानं विचारलं.

"असंच," बाई म्हणाल्या.

टोलकाकांना पुढे एका औषधांच्या गोदामात पहाऱ्याचं काम मिळालं. पगार कमी, पण काम मिळालं. बाई भाजीला जाताना कधीकधी ते गोदामाच्या दाराशी दिसत. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, आल्यागेल्याशी बोलणारे. एकदा त्यांची बायको डबा घेऊन आलेली होती. तिनं बाईंना पाहिलं आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्याच त्या." टोलकाकांनी मान वर करून पाहिलं, बाईंना ओळखलं, आणि शांतपणे तोंड फिरवून घेतलं.

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या रस्त्याच्या पलीकडे गेल्या.